कोण विचारतंय त्यावर तब्येत

नांदगावातल्या बावीस वर्षांच्या पोराला ‘काय भो, तब्येत कशी?’ असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी तो विचारणारा कोण आहे ते बघतो. आजी असेल तर ‘बरी आहे गं’ म्हणून सटकतो, कारण थांबला तर पोळीवर तूप पडतं. जिममधला दादा असेल तर ‘सध्या कटिंग चालू आहे’. मित्र असेल तर ‘एकदम टकाटक’. स्थळ घेऊन आलेले पाहुणे असतील तर उत्तर बाप देतो, ‘सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही.’ आणि डॉक्टरांनी विचारलं, तर आई बोलते. पोरगा चार वर्षांपासून मतदान करत असला, तरी पोटात नेमकं कुठे दुखतं हे दवाखान्यात आईच सांगते आणि तोही शेजारी बसून आपल्याला आत्ताच कळल्यासारखा ऐकत राहतो.

यातलं खरं उत्तर कोणतं, हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडलेला आहे. एलन आयडलर आणि येल बेन्यामिनी या दोन अभ्यासकांनी १९९७ साली देशोदेशीचे २७ अभ्यास एकत्र ताडून पाहिले. माणसाला नुसतं ‘तुमची तब्येत कशी आहे?’ असं विचारायचं, ‘उत्तम’पासून ‘वाईट’पर्यंत एक शब्द निवडायला सांगायचं आणि पुढे काही वर्षं त्याच्यावर लक्ष ठेवायचं. तपासण्यांचे कागद बाजूला ठेवले, तरी तो एक शब्द माणूस किती टिकेल याचा अंदाज बऱ्यापैकी बरोबर देतो, असं दिसलं. पण हे अभ्यास बहुतांशी पिकल्या वयाच्या माणसांचे होते. म्हातारा माणूस उत्तर देतो तेव्हा गुडघा, दम आणि रात्री किती वेळा उठावं लागतं याचा हिशेब त्याच्याकडे तयार असतो. तरुणाच्या शरीराने अजून बिलच पाठवलेलं नसतं. मग तो दुसऱ्याच्या मापाने स्वतःला मोजतो, आणि नांदगावात मापांना तोटा नाही.

पहिलं माप टेपचं.

पहाटे पाचला नांदगावातून मनमाडकडे, मालेगावकडे, चाळीसगावकडे जाणाऱ्या रस्त्यांवर जी पोरं-पोरी पळताना दिसतात, ती तब्येतीसाठी पळत नाहीत, भरतीसाठी पळतात. राज्याच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणीला ५० गुण. मुलांना १,६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. मुलांची उंची १६५ सेंटिमीटर हवी, छाती न फुगवता ७९ आणि फुगवून निदान ५ सेंटिमीटर जास्त. त्यामुळे इथली आरोग्याची व्याख्या फार नेटकी आहे. छाती ८४ पर्यंत गेली तर माणूस निरोगी, ८३ वर अडकली तर आजारी. मग त्या ८३ वाल्यावर उपचार सुरू होतात. केळी, भिजवलेले हरभरे, दोन अंडी आणि मागच्या भरतीत निवड झालेल्या कुणाच्या तरी चुलतभावाचा सल्ला. ज्याची उंची १६४ आणि थोडी वर भरते, त्याने एक खरी वैद्यकीय गोष्ट शोधून काढलेली असते. रात्रभर आडवं पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या फुगतात आणि सकाळी माणूस संध्याकाळपेक्षा साधारण एक सेंटिमीटर उंच भरतो. आपला नंबर सकाळच्या बॅचमध्ये लागावा म्हणून तो नस्तनपूरच्या शनिदेवाला साकडं घालतो. शास्त्र आणि शनिमहाराज एकाच कामाला लागल्याचं दुसरं उदाहरण तालुक्यात सापडणार नाही.

गंमत अशी की रोज पळणारी ही पोरं गावात सर्वांत निरोगी असतील, पण दुखणं लपवण्यातही सर्वांत पटाईत तीच. नडगी ठणकते, घोटा सुजतो, पण सांगायचं नाही. सांगितलं तर घरचे पळणं बंद करतील. जून २०१४ मध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या ५ किलोमीटर धावण्यात उमेदवार उन्हात कोसळले, काहींचा जीव गेला, आणि त्यानंतर अंतर कमी करण्यात आलं. त्या सकाळी रांगेत उभ्या असलेल्या कुणालाही विचारलं असतं, तर उत्तर एकच आलं असतं, ‘फिट!’ नोकरी पुढे उभी असताना दुसरं कोण काय म्हणणार?

दुसरं माप आरशाचं. ते जिममध्ये असतं. आरशात फक्त पुढची बाजू दिसते, म्हणून छाती आणि दंड यांवर सगळा भर. पाय पँटमध्ये असतात, पाठ तर मागेच असते. इथे आरोग्य म्हणजे टी-शर्टची बाही किती घट्ट बसते ते. त्यासाठी प्लास्टिकचा मोठा डबा लागतो. डब्यातली पावडर दुधात ढवळून पिणारा पोरगा घरच्या शेंगदाण्याच्या चटणीकडे बघतसुद्धा नाही. साठ किलोच्या माणसाला दिवसाला साधारण ५० ग्रॅम प्रथिनं पुरतात आणि १०० ग्रॅम शेंगदाण्यांत २५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, हे त्याला पटत नाही. कारण शेंगदाण्याच्या पोत्यावर दंड फुगवलेल्या माणसाचा फोटो नसतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहार-मार्गदर्शिकेत अशी पूरक पावडर टाळा असं स्पष्ट लिहिलं. पण त्या पुस्तिकेवरही तसला फोटो नाही.

जिममध्ये न जाणारी बारीक पोरं या सगळ्याकडे हसून बघतात. त्यांच्या मते आजार हा जाड माणसांचा प्रांत आहे. आपण दोन वडापाव, एक मिसळ आणि वर थंड पेय रिचवूनही ‘अंगाला लागत नाही’, म्हणजे प्रकृती दणकट, असा त्यांचा हिशेब. या हिशेबाला पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी सुरुंग लावला, आणि तोही स्वतःच्या अंगावर. २००४ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा जोडीने फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, एकच: २२.३. जिमच्या तक्त्यात दोघेही हिरव्या रकान्यात. मग दोघांची यंत्रावर तपासणी झाली. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के. कारणं देताना डॉक्टरांनी हातचं काही राखलं नाही. युडकिन मॅरेथॉन पळतात; याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी रुग्णालयाच्या लिफ्टचं दार मिटायच्या आत ती गाठणं, असं त्या शोधनिबंधातच नमूद आहे. ‘लॅन्सेट’मध्ये एवढा सरळ चेहऱ्याने केलेला विनोद क्वचितच वाचायला मिळतो, आणि तो पुण्यातून यावा यात कुणाला आश्चर्य वाटू नये.

याज्ञिकांचं म्हणणं मात्र विनोदावर सोडून देण्याजोगं नाही. त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतली नवजात बाळं मोजली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपल्या बाळाचं सगळंच लहान भरलं, स्नायूही कमी, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे हा बारीक-पण-चरबीदार प्रकार वडापावच्या गाडीपर्यंत पोचायच्या कितीतरी आधी सुरू होतो. म्हणूनच भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वर नाही, २३ वर ओढतात. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने देशात मधुमेही १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावर उभे असलेले १३ कोटी ६० लाख असल्याचा अंदाज दिला. उंबरठ्यावरच्यांतल्या कित्येकांना आपण उंबरठ्यावर आहोत हे ठाऊक नसतं, कारण त्यांच्या पँटचा नंबर बारावीपासून बदललेला नाही.

प्रत्यक्ष आजारी पडल्यावर निदान करायला डॉक्टर लागत नाही, ते घरूनच झालेलं असतं. नांदगावात तरुणांना मोजून चार रोग होतात: पित्त, गॅस, ‘बीपी लो’ आणि ‘नजर’. डॉक्टरांकडे जायचं ते सलाईन लावून घ्यायला. गोळ्या दिल्या तर डॉक्टर साधा, सुई दिली तर बरा, बाटली लावली तर हुशार. त्या अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये मीठ असतं ४.५ ग्रॅम, आणि ग्लुकोजच्या ५ टक्क्यांच्या बाटलीत साखर २५ ग्रॅम. उलट्या-जुलाबाने गळालेल्या माणसाला त्याने जीवदान मिळतं हे खरं. पण परीक्षेच्या आदल्या दिवशी ‘अशक्तपणा’ आला म्हणून तासभर आडवं पडून घेतलेली ती साखर टपरीवरच्या छोट्या थंड पेयातल्या साखरेएवढीच भरते. फरक एवढाच की थंड पेय प्यायलेल्याला भेटायला नातेवाईक येत नाहीत.

मनाच्या आजारांचं आणखी उलटं. भारत सामना हरला की कट्ट्यावरचा प्रत्येक जण ‘डिप्रेशनमध्ये’ असतो. ज्याला खरोखर महिनोन्‌महिने झोप लागत नाही, जेवण जात नाही, कशात जीव रमत नाही, तो मात्र ‘पित्त वाढलंय’ असं सांगून हिंडतो. सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली-मानस’ नावाने १४४१६ हा फोन क्रमांक सुरू केला आहे. बोलायला नाव-गाव सांगावं लागत नाही. लहान गावात याचं मोल मोठं. इथे मेडिकलवाला वर्गमित्राचा मामा असतो, लॅबवाला बहिणीच्या दिराचा दोस्त, आणि रिपोर्टचा कागद घरी पोचायच्या आत रिपोर्ट घरी पोचलेला असतो.

अलीकडे मनगटावरचं घड्याळ हेही एक माप झालं आहे. घड्याळ खालून हिरवा उजेड टाकतं. रक्त लाल असल्यामुळे हिरवा उजेड शोषून घेतं, आणि त्या शोषण्यातल्या चढउतारावरून ठोके मोजले जातात. इथवर शास्त्र आहे. पुढचं १०,००० पावलांचं रोजचं उद्दिष्ट मात्र जाहिरातीतून आलेलं आहे. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीने पावलं मोजायचं यंत्र बाजारात आणलं आणि त्याच्या नावातच दहा हजार पावलं घातली. आकडा गोल होता, लोकांना आवडला, टिकला. आता नांदगाव स्टेशनच्या फलाटावर रात्री साडेदहाला कुणी तरुण ना गाडी पकडायला, ना कुणाला सोडायला, नुसताच या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरताना दिसला, तर समजावं की त्याची सहाशे पावलं शिल्लक आहेत. झोपेचाही निकाल लागतो. सकाळी ताजातवाना उठलेला माणूस घड्याळ बघतो, त्यात ‘५४, असमाधानकारक’ असं लिहिलेलं असतं, आणि दुपारपर्यंत जांभया देत बसतो.

ज्यांच्या मनगटावर घड्याळ नाही, त्यांचं काय? मार्च-एप्रिलमध्ये उन्हाळ कांदा काढायला तालुक्यात मुलींच्या टोळ्या दिवसभर वाकून काम करतात. त्यांतल्या कॉलेजला जाणाऱ्या एखादीला विचारावं. ती म्हणेल, ‘मला काय झालंय? काही नाही.’ थोडं खोदून विचारलं की कळतं: उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, जिना चढताना धाप लागते, संध्याकाळी पाय ओढवत नाहीत. ‘पण ते तर सगळ्यांनाच होतं!’ तिचं चुकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के जणी रक्तक्षयी निघाल्या. दहातल्या सहा जणींना जे होतं, ते आजार वाटत नाही, मुलगीपण वाटतं.

सरकारने शाळेत आठवड्याला एक निळी लोहाची गोळी ठेवली आहे. गोळीची कीर्ती मात्र आधी पोचते: मळमळतं, शी काळी होते, अमक्या गावात तमकी चक्कर येऊन पडली. काळी शी लोहामुळेच होते आणि तिने काही बिघडत नाही, एवढं सांगायला कुणी तोंड उघडत नाही, कारण वर्गात शी हा विषय काढायचा कसा? त्यामुळे काही गोळ्या पोटात जातात, काही खिडकीबाहेर. शाळेमागच्या बाभळींच्या रक्तात लोह उत्तम असणार. जी मुलगी इमाने गोळी घेते, ती वर लगेच कपभर चहा ढोसते, आणि चहा ते लोह अंगी लागू देत नाही.

तिला आपल्या रक्ताची खबर लागते ती भलत्याच ठिकाणी: १९ फेब्रुवारीच्या किंवा १४ एप्रिलच्या रक्तदान शिबिरात. उत्साहाने पाच मैत्रिणी रांगेत उभ्या राहतात. अट वय १८, वजन ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५. बऱ्याच शिबिरांत ते ओळखायची रीत फार जुनी आणि फार देखणी आहे. काचेच्या नळीत मोरचुदाचं निळं पाणी, तोच मोरचूद, ज्यापासून नाशिक जिल्ह्यातले द्राक्षवाले बोर्डो मिश्रण करतात. पाण्याची घनता नेमकी १.०५३ राखलेली. बोटातल्या रक्ताचा थेंब त्यात सोडायचा. रक्त दाट असेल तर थेंब सरळ तळाला जातो, फिकं असेल तर वरच घुटमळतो. आयुष्यात बुडाल्यावर पास करणारी परीक्षा बहुधा ही एकच. पाचांतल्या तिघींचे थेंब तरंगतात. ‘ताई, तुमचंच रक्त कमी आहे, तुम्ही काय देणार?’ असं म्हणून त्यांना बिस्किटाचा पुडा मिळतो. त्या तिघी हसत बाहेर येतात, बाहेर उभी असलेली पोरं त्याहून मोठ्याने हसतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं जातं. रक्त घ्यायची सोय नीट आहे. तरंगलेल्या थेंबाचा पाठपुरावा करायची नाही.

अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आजार असूनही न जाणवण्याची हीच गोष्ट राज्यांच्या पातळीवर दाखवली. त्या वेळी भारतात सर्वांत जास्त आयुष्य केरळातल्या लोकांचं, आणि ‘आम्ही आजारी आहोत’ अशी सर्वांत जास्त तक्रारही त्यांचीच. बिहारमध्ये आयुष्य कमी आणि तक्रारही कमी. अमेरिकेत तर केरळपेक्षाही जास्त कुरकुर. जिथे शाळा, दवाखाने, तपासण्या असतात, तिथल्या माणसाला आपल्याला काय होतंय हे ओळखता येतं. जिथे नसतात तिथला माणूस ‘टकाटक’ असतो. या हिशेबाने नांदगावच्या कट्ट्यावरचे सगळे टकाटक ऐकून तालुक्याच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या पोटात गोळा यायला हवा. दहा ते एकोणीस वयाच्यांसाठी २०१४ पासून राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्यात खास तरुणांशी बोलण्यासाठी दवाखान्यात वेगळी खोलीही ठेवायची असते. पण त्या खोलीत जाण्यासाठी आधी आपल्याला काहीतरी होतंय असं वाटावं लागतं, आणि मग व्हरांड्यात बसलेल्या ओळखीच्या सात जणांसमोरून चालत जावं लागतं.

या सगळ्या मापांची अखेरची बेरीज होते लग्नाच्या बायोडेटात. तिथे आरोग्याच्या नावाखाली तीनच गोष्टी लिहिलेल्या असतात: उंची, वर्ण आणि रक्तगट. उंची चपलेसकट, वर्ण फोटोवाल्याने ठरवलेला. रक्तगट तेवढा खरा, पण तोही कधी कधी दगा देतो. १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असा एक रक्तगट शोधला, की साध्या तपासणीत तो ‘ओ’ दिसतो, पण ‘ओ’चं रक्तसुद्धा त्याला चालत नाही. जगभर तो ‘बॉम्बे रक्तगट’ म्हणून ओळखला जातो. जोडी जमवताना त्याहून उपयोगाची गोष्ट म्हणजे दोघंही सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांचे वाहक तर नाहीत ना, ही. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो. दोघे वाहक एकत्र आले तर मुलांच्या वाट्याला आजार येऊ शकतो. आदिवासी भागांत १ जुलै २०२३ पासून सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, चाळिशीपर्यंतच्या सर्वांची तपासणी होते आणि निकालाचं कार्डही मिळतं. निर्दोष असेल तर एए, वाहक असेल तर एएस, आजार असेल तर एसएस.

समजा, एखाद्या शहाण्या मुलीने हे कार्ड बायोडेटाला टाचून पाठवलं. बैठकीत मुलाचा मामा चष्मा वर सरकवून कागद हातात घेईल, पत्रिकेचे गुण छत्तीसपैकी किती जुळले ते आधी बघेल, मग या कार्डावर बोट ठेवेल. ‘हे काय आहे?’ रक्ताचा निकाल आहे मामा, मुलगी म्हणेल, एए आलाय. मामा जरा वेळ विचार करेल, बहिणीकडे बघेल आणि हळूच विचारेल, ‘पोरगी अभ्यासात हुशार आहे म्हणालात ना? मग ए प्लस कसा नाही आला?’